जाऊन येऊन

यापुढे मोटार घ्यावयाची ती विजेचीच, असे मी घरी जाहीर केले त्या दिवसापासून साताऱ्यातील ओळखीच्या प्रत्येक गृहस्थाने मला एकच प्रश्न विचारला, "एका दमात किती जाते?" किमतीविषयी कुणी विचारीना, रंगाविषयी तर नाहीच. जणू प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी पहाटे उठून काशीला जावयाचे होते. यांपैकी बहुतेकांची वाहने पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत जातात आणि तेथे उभी करावयास जागा नाही म्हणून परत येतात, ही गोष्ट मी सौजन्याने बोलून दाखविली नाही.

मला काशीला जावयाचे नव्हते, सांगलीला जावयाचे होते. तेथे गावभागातील जुन्या घरात माझी आई एकटी राहते. वय ब्याऐंशी. साताऱ्यास येऊन राहा म्हटले की तिला कृष्णेचा घाट आठवतो. कृष्णा येथे माहुलीलाही आहे म्हणून सांगावे, तर "ती वेगळी" म्हणते. महामार्गाने कऱ्हाड, मग पेठनाक्याला डावीकडे वळून आष्टा आणि सांगली, हे अंतर सुमारे १२५ किलोमीटर आहे. आजवर पेट्रोलच्या गाडीने मी रविवारी सकाळी निघे, आईच्या हातचे जेवे, तिच्या औषधांच्या गोळ्या मोजी आणि दिवेलागणीला घरी परत येई. जाऊन येऊन २५०. माझ्या दृष्टीने नव्या मोटारीची परीक्षा एवढीच होती.

दुसरी परीक्षा खिशाची. दहा-अकरा लाखांपुढे पाऊल टाकावयाचे नाही, असे ठरले होते. एमजीची कॉमेट स्वस्त खरी. पण तिची बॅटरी १७.३ युनिटांची, प्रमाणपत्र २३० किलोमीटरचे, आणि दारे दोनच. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला पुढची बैठक वाकवून मागे शिरावयास सांगणे मला जमले नसते. टाटांची पंच २०२४ साली विजेवर आली. तिच्या ३५ युनिटांच्या बॅटरीला ४२१ चे प्रमाणपत्र होते, परंतु किंमत कुंपणाबाहेर. उरली टियागो. २०२२ च्या सप्टेंबरात ती ८ लाख ४९ हजारांपासून पुढे विकावयास आली, तेव्हा तिच्या २४ युनिटांच्या बॅटरीला ३१५ किलोमीटर दिलेले होते. ३१५ मधून २५० गेले, ६५ उरले. दुकानातील तरुणाने हे गणित इतक्या उत्साहाने करून दाखविले की माझा संशय बळावला.

तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेला माणूस गुण पाहत नाही, आधी परीक्षक कोण ते विचारतो. आपल्याकडे हे गुण देणाऱ्यांत पुण्याची एआरएआय ही संस्था प्रमुख. तिच्या नावाची टेकडी फिरायला जाणाऱ्या पुणेकरांना ठाऊक आहेच. चाचणीत मोटार रुळांवर उभी करून जागच्या जागी चालवितात. वेग कधी ९० च्या वर जात नाही, आणि बऱ्याच वेळ तर शहरातल्यासारखा मंदच असतो. समोरून वारा नाही, चढ नाही, मागे बसलेला मेहुणा नाही. ही लबाडी नव्हे. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका दिल्याखेरीज कोण पुढे, कोण मागे, हे कळावयाचे कसे? परंतु त्या प्रश्नपत्रिकेत कऱ्हाडचा रस्ता नव्हता. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० ने गेले तर तो दीडपटीहून अधिक होतो, आणि महामार्गावर मोटार प्रामुख्याने हवेशीच भांडत असते.

माझ्या एका सहकाऱ्याकडे हीच गाडी होती. एप्रिलमधील एका रविवारी ती मी उसनी घेतली. गारव्याचे यंत्र चालू ठेवून आणि ८० ची मर्यादा पाळून सांगलीला पोचलो, तेव्हा शंभरातले ५८ टक्के खर्च झाले होते. आईच्या घरी तार जोडली तर लाल दिवा लागला. घराच्या जुन्या वायरिंगला अर्थिंगच नव्हते, आणि त्यावाचून हे यंत्र वीज घेत नाही. अखेर गावात एक चार्जर शोधला. त्यावर कोल्हापूरकडचे एक कुटुंब गाडी लावून आइस्क्रीम खात बसले होते. त्यांचे आटोपेपर्यंत आणि आमची बॅटरी भरेपर्यंत दुपार संपली. परत येताना ६२ टक्के लागले. चार टक्के अधिक कशाचे, हे कोडे मला उंब्रजच्या आसपास सुटले. सांगली साताऱ्यापेक्षा शे-दोनशे मीटर खाली आहे. कृष्णेला तिकडे जावयास काही खर्च पडत नाही. उलट येण्याचे तिने कधी मनात आणलेले नाही.

म्हणजे खरा आकडा दोनशेचा. पन्नास किलोमीटर कमी पडत होते, आणि तेवढ्यांसाठी दोन-तीन लाख अधिक मोजून मोठी गाडी घ्यावी, असे मी पत्नीला सांगितले.

तिने विचारले, "वर्षातून किती वेळा जातो आपण सांगलीला?"

"पंधरा-वीस वेळा."

"आणि त्याच दिवशी परत का येतो?"

कॉलेज, असे मी म्हणालो. सोमवारी माझा पहिला तास साडेअकराला असतो, हे तिला माहीत आहे. शनिवारी तर मला तासच नसतो, हेही.

टियागोच घेतली. सांगलीच्या घरी अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणून वायरमनने त्यात कोळसा आणि मीठ भरले, तेव्हा आईने एवढे मीठ मातीत घातल्याबद्दल त्याला बोल लावले. मग स्वतःच आणखी एक वाडगा आणून दिला. प्लग किती उंचीवर बसवू, असे त्याने विचारताच तिने भिंतीवरची २०१९ च्या ऑगस्टातील पुराची रेघ दाखविली. "हिच्या वर." प्लग रेघेवर बसला. नंतर ती मोटारीकडे पाहून म्हणाली, "आणि ही रे?" याला उत्तर नव्हते.

पहिल्या शनिवारी संध्याकाळी पोचलो आणि खिडकीतून तार सोडली. हिरवा दिवा लुकलुकू लागला. आई बराच वेळ त्याच्याकडे पाहत उंबऱ्यात उभी होती.

"किती वेळ लागतो याला?"

"पहाट होईल."

"बरं," ती म्हणाली, आणि आत जाऊन ट्रंकेतून माझी गोधडी काढून आणली. तिला डांबरगोळ्यांचा उग्र वास येत होता.