पुडीतले 4 मिलिग्रॅम

वाशीम, पाटणी चौक. 4 किलोच्या बाळाच्या अंगातलं पाणी उतरवायला डॉक्टरांनी फ्युरोसेमाइड लिहिलं होतं, किलोमागे 1 मिलिग्रॅम. दुकानात गोळी 40 मिलिग्रॅमची. फार्मासिस्टताईंनी ती खलात बारीक घोटली, तिच्याइतकीच लॅक्टोज या साखरेची पूड घातली, पुन्हा घोटलं, मग दरवेळी मिश्रणाइतकीच पूड. सगळी एकदम ओतली तर एका पुडीत औषध जास्त, दुसरीत नुसती साखर. शेवटी तोलून 10 सारख्या पुड्या बांधल्या. ती सबुरी मला फार मोलाची वाटली. पूर्वी कंपाउंडर मिक्श्चर स्वतः बनवून बाटलीवर मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायचे. आता सगळं तयार पाकिटात येतं, अडतं ते तान्ह्यांचं. आयाबायांनो, घरी अंदाजाने गोळीचे तुकडे करू नका. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा, बाळाचं वजन सांगा, पुड्या करून मागा.