तीर्थनच्या कांठीं तीन दिवस

“मासे खावयाचे नाहींत, तर ते धरावयाचे कशाला?” असें निघतेवेळीं आत्याबाईंनीं विचारलें, तेव्हां आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. धाकट्या पुतण्यानें वर्षभर पैसे साठवून गळाची काठी घेतली होती; त्यास एकट्यास पाठवूं नये म्हणून आम्ही सोबत निघालों, इतकेंच खरें.

कुलूकडे जाणारा हमरस्ता औट येथें सोडला, कीं लारजीवरून बंजार व पुढें गुशैणी लागते. हिमालयांतील ज्या राष्ट्रीय उद्यानास २०१४ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला, त्याच्या बर्फांतून तीर्थन नदी उतरते. तिच्यांतला ट्राउट मासा मात्र मूळचा येथला नव्हे. त्याचीं अंडीं १९०० सालीं ब्रिटनहून काश्मीरांत आलीं, व तेथून १९०९ सालीं कुलूच्या खोऱ्यांत.

आम्ही पोहोंचलों त्याच रात्रीं पावसानें झोड उठविली. आपल्याकडे चैत्रांत अंगणावर पाणी शिंपडावें लागतें; तेथें मात्र पश्चिमेकडून येणारे ढग चैत्रांतहि मुसळधार बरसतात, आणि त्या पावसानें डोंगरावरचें बर्फहि वितळूं लागतें. सकाळीं पाहतों तों नदी दुधाच्या चहासारखी गढूळ झालेली!

परवाना दिवसाच्या हिशेबाचा; एक दिवस फुकट जाणार म्हणून पुतण्या पाण्यांत उतरावयास अधीर झाला. आमच्या वाटाड्यांनीं, साठी ओलांडलेल्या एका पहाडी गृहस्थांनीं, त्याचा हात धरून त्यास कांठावर बसविलें. पाण्याच्या कडेस त्यांनीं एक पांढरा दगड ठेविला आणि बजावलें, हा चांगला हातभर कोरड्यांत येईपर्यंत काठी सोडावयाची नाहीं.

मग त्यांनीं कारण समजाविलें. पिसें व दोरा यांची केलेली खोटी माशी मासा पाहूनच धरतो. गढूळ पाण्यांत ती त्यास दिसणार कशी? पुराच्या वेळीं तो मुख्य धारेशीं झुंजत नाहीं, मोठ्या दगडांच्या आडोशास किंवा कांठच्या संथ पाण्यांत येऊन राहतो. म्हणून पाणी ओसरूं लागलें, कीं पहिला गळ कांठालगतच टाकावा. जो मध्यें उतरतो, तो पायाखालचाच मासा पळवितो. गुडघाभर पाण्यांत आपल्या पायाचीं बोटें दिसलीं, म्हणजे वेळ आली. तीहि सकाळची, दुपारच्या उन्हानें बर्फ वितळून पाणी पुन्हां चढतें.

दुसरा दिवस आम्हीं हिंडण्यांत घालविला. दोन नाले जवळजवळ नदीस मिळत होते. देवदारांच्या रानांतून येणारा नाला निवळला होता. नव्या रस्त्यासाठीं कापलेल्या उताराखालचा अजून तांबडाच होता. झाडांच्या मुळांनीं माती धरून ठेवली, कीं पाणी लवकर शुद्ध होतें. उघडी पडलेली माती नदींत येऊन ज्या खडींत मासा अंडीं घालतो ती बुजविते. वाटाडे त्या तांबड्या पाण्याकडे बराच वेळ कांहीं न बोलतां पाहत राहिले.

तिसऱ्या दिवशीं दगड कोरड्यांत आला. पुतण्यानें कांठावरूनच एका शिळेमागें गळ टाकला, व तिसऱ्या खेपेस लाल ठिपक्यांचा, वीतभर लांबीचा मासा लागला. हात ओले करून त्यानें गळ काढला, प्रवाहाकडे तोंड करून मासा क्षणभर धरला व सोडून दिला. मग सहज त्याचें लक्ष पहिल्या दिवशीं तो जेथें उतरणार होता तिकडे गेलें. निवळलेल्या पाण्यांत तेथें पुरुषभर खोल डोह स्पष्ट दिसत होता. आमच्या अंगावर कांटा आला. पुतण्यानें निमूटपणें काठी मिटली.

घरीं परतल्यावर आत्याबाईंस आम्ही सांगितलें, कीं मासा धरण्याच्या निमित्तानें पाणी ओळखावयास व थांबावयास शिकलों. त्या म्हणाल्या, “थांबावयास शिकण्यासाठीं इतक्या दूर जावें लागतें होय?” डोहाची गोष्ट त्यांच्या कानांवर घालण्याचा धीर आम्हांस अद्याप झालेला नाहीं. ती त्या या पानावरच वाचतील.