वरणातली हळद

परवा सोनपेठला गेलो होतो. आईनं दार उघडलं, छान हसली आणि म्हणाली, "कोण पाहिजे तुम्हाला?" दोन-तीन सेकंदच. मग लगेच, "तू आलास व्हय! ये की आत."

अल्झायमर आहे हे कळून वर्ष झालं. पण ते "तुम्हाला" अजून कानातून जात नाही.

फडताळात ताईनं पुण्याहून पाठवलेली कर्क्युमिनच्या कॅप्सूलची बाटली होती. हळदीतला पिवळा पदार्थ तो हाच. मेंदूतला दाह कमी करतो म्हणे. आता हळदीचं कौतुक आम्हाला कुणी सांगावं? वसमत १९९९ पर्यंत आमच्याच परभणी जिल्ह्यात होतं! (मग हिंगोली वेगळा झाला. असो.)

मला आकडेमोडीची वाईट खोड. उंदरांच्या मेंदूतला दाह कर्क्युमिननं कमी झाला, हे २००१ मध्येच अमेरिकेत दिसलं होतं. पण माणसाच्या पोटातून ते रक्तात फारच थोडं उतरतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात १९९८ मध्ये २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पायपरीन दिलं, तेव्हा हे प्रमाण सुमारे वीसपट झालं. आता हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के. म्हणजे २ ग्रॅमसाठी पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद खायची. रोज!

कॅप्सूलचं म्हणाल तर २०१८ च्या एका अमेरिकन प्रयोगात, दीड वर्ष खास बनवलेलं कर्क्युमिन घेणाऱ्यांची स्मरणशक्ती सुधारली. माणसं एकूण चाळीस, आणि डिमेन्शिया कुणालाच नव्हता. अल्झायमर झालेल्यांना २०१२ च्या प्रयोगात २४ आठवडे देऊन काही फरक दिसला नव्हता. आई या दुसऱ्या रांगेतली.

शिवाय ती रक्त पातळ होण्याची गोळी घेते. त्यात ही कॅप्सूल नको, रक्तस्रावाची भीती वाढते, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

रात्री ताईला फोन केला. सगळं ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "बरं, बंद कर. पण मग मी इथून काय करू, तेवढं सांग."

मला सांगता आलं नाही.

आत आई वरणाला फोडणी देत होती. तिनं हळद घातली, डबा ठेवला, परत उघडला आणि पुन्हा घातली. मी बघत होतो, बोललो नाही. वरण किंचित कडवट झालं होतं. दोन वाट्या प्यायलो.