घाटावरचा खरखराट

बुलढाणा म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? लोणारचं सरोवर, सिंदखेडराजाचा जिजाऊंचा वाडा, शेगावचे गजानन महाराज आणि अर्थातच शेगावची कचोरी. बरोबर ना? मे महिन्यातल्या एका वीकेंडला आमच्या यादीत आणखी एक आयटम अॅड झाला. खर्र... टिक्... खर्रर्र! एका असेम्बल्ड पीसीचा आवाज.

हा पीसी एका मित्राचा. पुण्यातल्या आयटीवाल्यांपैकीच एक. 2020 मध्ये वर्क फ्रॉम होम म्हणून बुलढाण्याला घरी गेला आणि तिथलाच झाला. पगार पुण्याचा, जेवण आईच्या हातचं, अजून काय पाहिजे बॉस? पीसी त्याने एकेक पार्ट मागवून स्वतः जोडला. सगळं सॉलिड, फक्त आवाज सोडून. दुपारी क्लायंटचा कॉल सुरू झाला की स्पीकरमध्ये खरखर आणि समोरच्यालाही खरखर. आधी टीममध्ये चेष्टा झाली, मग तक्रार, मग ‘ऑफिसला परत येण्याचा विचार कर’ असा मेल. आणि वडिलांच्या आजारपणामुळे पुण्याला परतणं त्याला शक्य नव्हतं. म्हणजे प्रश्न गाण्याबिण्यांचा नव्हता, नोकरीचा होता.

घाट चढताना

मुंबई-नागपूर मेन लाइनवर मलकापूरला उतरायचं, तिथून एसटी. मोताळा मागे पडलं की राजूर घाट सुरू होतो आणि एसटीच्या खिडकीतून येणारी हवा जराशी माणसात येते. बुलढाणा जिल्ह्यात एकूण 13 तालुके, पण लोकांच्या बोलण्यात जिल्हे दोनच: ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार वगैरे घाटावर. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर वगैरे घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

घरी पोचल्यावर चहा झाला आणि तपासणी सुरू. मित्राने आधीच स्पीकर बदलले होते, हेडसेट बदलला होता, विंडोज नव्याने टाकलं होतं. खिसा हलका, खरखर तशीच. पण काही न बदलता करायच्या टेस्ट राहिल्या होत्या. खरखर मुळात दोन जातींची असते, आणि आपली कुठली ते आधी ओळखायचं असतं.

पहिली जात सॉफ्टवेअरची. कॉम्प्युटर आवाज सलग पाठवत नाही, छोटे छोटे तुकडे करून पाठवतो. वायफायच्या किंवा ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरने प्रोसेसरला थोडा वेळ जरी अडवून ठेवलं, तरी पुढचा तुकडा उशिरा पोचतो आणि मधल्या फटीत ‘टिक्’ ऐकू येतं. मोठी फाइल डाउनलोड करताना खरखर वाढत असेल तर संशय इथे घ्यावा. लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर गुन्हेगार ड्रायव्हरचं नाव सांगतं. तो ड्रायव्हर अपडेट करायचा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवायचा आणि साउंड सेटिंगमधले ‘एन्हान्समेंट’ बंद करायचे. पुष्कळ केसेस इथेच मिटतात. आमची मिटली नाही.

दुसरी जात विजेची. माउस हलवला की आवाज बदलतो? पुढच्या जॅकला खरखर आहे, पण मागच्या जॅकला नाही? मग कॅबिनेटच्या आत पुढच्या पॅनलकडे जाणारी बारीक वायर ग्राफिक्स कार्डाजवळून जात असणार. घरी जोडलेल्या पीसीत आणखी एक गोष्ट बघायची. मदरबोर्डखालचा एखादा जास्तीचा पितळी स्टँड भलत्या जागी टेकलेला नाही ना? आमच्याकडे हे सगळं ओके होतं. शेवटी त्याच स्पीकरला लॅपटॉप लावला. चार्जर काढून बॅटरीवर चालवला तर आवाज स्वच्छ. चार्जर लावला की खर्रर्र. म्हणजे पीसी निर्दोष, गडबड भिंतीतल्या विजेत.

एवढ्यात मित्राच्या आईने कूलर लावला आणि स्पीकरमधून अक्षरशः पापड मोडल्यासारखा आवाज आला. दुपारच्याच कॉलला खरखर का, याचंही उत्तर मिळालं. ‘त्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात रे,’ काकू सहज म्हणून गेल्या. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

घाट उतरताना

खात्री करायला दुसऱ्या दिवशी पीसी कारच्या मागच्या सीटवर बसवला, त्याला सीटबेल्ट लावला आणि निघालो मित्राच्या मावशीकडे, शेगावला! रस्ता बोथ्याच्या जंगलातून, ज्ञानगंगा अभयारण्यामधून जातो. टिपेश्वरहून निघालेला ‘वॉकर’ वाघ शेकडो किलोमीटर चालत 2019 मध्ये याच जंगलात आला होता. आम्हाला वाघ नाही, पण माकडं भरपूर दिसली. घाट संपला की खामगाव, कापसाची आणि चांदीची बाजारपेठ. तिथून शेगाव हाकेच्या अंतरावर.

मावशीच्या घरी पीसी लावला, कूलर लावला, मिक्सरही लावला. स्पीकर एकदम गप्प. मग गाणं लावलं. स्वच्छ! मावशी म्हणाल्या, ‘याच्यासाठी इतक्या दूर आले काय रे बापा?’ आणि कचोऱ्या समोर आल्या.

फरक कशाचा होता? जमिनीचा. घाटावर मातीचा थर बऱ्याच ठिकाणी पातळ, खाली मुरूम आणि मग काळा पाषाण. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बेसॉल्ट. लोणारचा पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा याच खडकात पडलाय. कोरडा बेसॉल्ट विजेला सहज वाट देत नाही. घाटाखाली मात्र पूर्णेचं खोरं आहे, खोल काळी माती आणि खारपाणपट्टा. बुलढाणा, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीतलं पाणीच खारं. पिण्यासाठी आणि शेतीसाठी हे पाणी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं दुखणं, पण विजेला अशी खारट, ओलसर माती फार आवडते. त्यात मावशीचं घर नवं, अर्थिंगचा खड्डा ताजा. अर्थात खाऱ्या मातीत लोखंड लवकर सडतं, त्यामुळे तिथेही निश्चिंत राहून चालत नाहीच.

बल्ब लाजला

बुलढाण्याला परत येऊन वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी होल्डरमध्ये शंभरचा बल्ब लावला आणि फेज आणि न्यूट्रलमध्ये जोडला. लख्ख उजेड. मग फेज आणि अर्थमध्ये जोडला तर बल्बची तार नुसती लालसर झाली, लाजल्यासारखी. (ही टेस्ट वायरमननेच करायची, तुम्ही-आम्ही नाही.) ‘भाऊ, कॉम्प्युटर बिमार नाही, जमीन वाळली तुमची,’ काकांचं निदान.

अंगणातला अर्थिंगचा खड्डा शोधला तर त्यावर तुळशीच्या कुंड्या. पाइप गंजलेला, आणि उन्हाने आकसलेली माती पाइपापासून चक्क सुटलेली. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. पण त्याच भेगेतून आपल्या घराचं अर्थिंग निसटतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आता मुंग्यांचा फंडा. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये विजेतला कचरा अर्थकडे पाठवणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थच नसेल तर तो कचरा कॅबिनेटवर साचतो, आणि कॅबिनेटचा पत्रा 230 च्या निम्म्यावर, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास तरंगतो. करंट अगदी कमी, म्हणून नुसत्या मुंग्या. मग हाच करंट स्पीकरच्या आणि माइकच्या वायरीतून वाट शोधतो आणि आपण म्हणतो, खरखर येतेय.

पण कूलरचं तसं नाही. पत्र्याची बॉडी, आत पाण्याचा पंप, खाली ओली फरशी. पंपाच्या वायरीचं इन्सुलेशन गेलं आणि अर्थ नसला, तर त्या पत्र्यावर अख्खे 230 व्होल्ट येतात. विदर्भात उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी नवीन नाही. बहुतेक वेळा कूलरमध्ये पाणी भरताना. त्या घरात कूलरमध्ये पाणी रोज काकूच भरायच्या.

काकांनी नवीन खड्डा खोल खणला, नवा जीआय पाइप टाकला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले आणि वरून पाणी सोडलं. मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. करंट भलत्या वाटेने गेला की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत सप्लाय तोडते. संध्याकाळी बल्ब लख्ख पेटला, कॅबिनेटच्या मुंग्या गेल्या आणि सोमवारचा कॉल बिनाखरखरीचा झाला. नव्या स्पीकरच्या किमतीपुढे पाइप, कोळसा आणि मीठ काहीच नाही!

जाण्याआधी

बुलढाण्याला जरूर जा, पण शक्यतो पावसाळ्यात किंवा थंडीत. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो. मेहकरला उतरलात तर लोणार जवळ. घाटावरून सुरुवात करा आणि शेगावला शेवट करा.

आणि गाव कुठलंही असो, आईबाबांच्या घरी जाल तेव्हा तीन गोष्टी नक्की बघा. थ्री पिनची जाड पिन कुणी कापलेली नाही ना? वायरमनने सॉकेटमध्ये अर्थची जागा न्यूट्रललाच जोडायचा जुगाड केलेला नाही ना? हा जुगाड जीवघेणा, कारण न्यूट्रल तुटला की सगळ्या पत्र्यांवर करंट. आणि तिसरं, अर्थिंगचा खड्डा नक्की कुठे आहे? तो सापडला की मार्चपासून त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायला सांगा. मेमध्ये कूलरमध्ये पाणी भरणारा हात त्या बादलीच्या भरवशावर असतो.