विसळलेला ग्लास

हिंजवडी फेज वनमध्ये आमच्या ऑफिसबाहेर चहाची टपरी आहे. चहावाला काचेचे ग्लास बादलीत बुचकळतो आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकासाठी भरतो. मी बिनसाखरेचा चहा घेते, तरी पहिला घोट हमखास गोड लागायचा, कारण आधीच्याची साखर तळाशी राहिलेली असे. विसळणं वेगळं आणि घासणं वेगळं, हे आईनं लहानपणीच शिकवलं होतं. प्रोग्रॅमिंगमध्ये ते कळायला मला एक रात्रपाळी लागली.

आमचा प्रोग्रॅम ठरावीक वेळाने ग्राहकाच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करून नोंदी पाठवायचा. त्यासाठी ओपनएसएसएल ही लायब्ररी. ती जोडणीमागे एक ऑब्जेक्ट तयार करते. दर वेळी नवं कशाला, म्हणून एसएसएल_क्लिअर हे फंक्शन वापरून मी जुनंच पुन्हा कामाला लावलं होतं. कित्येक महिने सुरळीत चाललं. मग एका रात्री ग्राहकानं सर्व्हरवर टीएलएसच्या, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या प्रोटोकॉलच्या, सेटिंग बदलल्या आणि हँडशेक (जोडणीआधीची बोलणी) फसू लागले. प्रोग्रॅम रीस्टार्ट केला की मात्र जोडणी एका दमात व्हायची. म्हणजे दोष वाटेत नव्हता, आमच्याच मेमरीत काहीतरी शिळं उरलं होतं.

पहाटे मॅन्युअल उघडलं. त्यात चक्क लिहिलेलं: हे फंक्शन ऑब्जेक्ट मोकळं करतं, पण मागच्या सेशनच्या काही सेटिंग तशाच ठेवतं, समोर तोच सर्व्हर, त्याच सेटिंगसह असेल तरच याचा उपयोग. थोडक्यात, विसळणं.

मुळात मी वाचवत काय होते? ऑब्जेक्ट बनवायला मिलिसेकंदाचा अंशही पुरतो. हिंजवडीकराला सांगायला नको, खर्च गाडीचा नसतो, वाकडच्या पुलावरच्या फेऱ्यांचा असतो. २००८च्या टीएलएस १.२मध्ये पूर्ण हँडशेकला सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन दोन फेऱ्या लागतात, त्याआधी साधी जोडणी उघडायला टीसीपीची एक. पुण्याहून अमेरिकेची फेरी २०० मिलिसेकंदांची धरली, तर कामाचं पहिलं अक्षर जाण्याआधीच ६०० गेले. जुनं सेशन, म्हणजे मागच्या हँडशेकमध्ये ठरलेल्या गोष्टींची नोंद, दाखवलं की एक फेरी वाचते, प्रमाणपत्राची तपासणीही टळते. २०१८च्या टीएलएस १.३नं पूर्ण हँडशेकच एका फेरीत आणला. तिथंही सेशनमुळे ही तपासणी वाचतेच. सतत बोलायचं असेल, तर जोडणी उघडी ठेवणं सगळ्यांत स्वस्त.

उपायही मॅन्युअलमध्येच होता. जुन्या ऑब्जेक्टमधून सेशन काढून घ्या, नवं ऑब्जेक्ट बनवा, सेशन त्यात घाला, जुनं सोडून द्या. सर्व्हरनं जुनं सेशन नाकारलंच, तर निमूट पूर्ण हँडशेक होतो, काम अडत नाही. चार ओळींचा बदल करून मी खाली उतरले.

टपरीवर आता कागदी कप आलेत. चहावाला मला लांबून पाहतो आणि न विचारता बिनसाखरेचा चहा वेगळ्या पातेल्यात चढवतो. कप नवा, ओळख जुनी. पहिला घोट हल्ली गोड लागत नाही.