पिठाचा कोंबडा आणि टीव्हीतली बदकं



आज स्वयंपाकघर थोडं बाजूला ठेवते. विषय आहे मुलांच्या टीव्ही गेमचा. हसू नका. शेवटी तो दशलक्षणापर्यंत येणारच आहे.

आमच्या सिंदीचा तान्हा पोळा तुम्हाला माहीत आहेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं आपापले लाकडी नंदी सजवून आणतात, घरोघरी बोजारा मागतात. बाहेरगावची माणसंही बघायला येतात. यंदा मुलगा नातीला घेऊन पुण्याहून खास त्यासाठी आला होता. नात नऊ वर्षांची. नंदी मिरवून झाला, बोजारा मोजून झाला आणि पाऊस सुरू झाला. कुठं जायचं नाही, काही करायचं नाही. मग मुलानं बॅगेतून एक चपटं यंत्र काढलं. निन्टेन्डो स्विच म्हणतात त्याला. ऑफिसच्या कामानं तो सिंगापूरला गेला होता तेव्हा आणलेलं. भिंतीवरच्या टीव्हीला जोडलं आणि म्हणाला, "आई, डोळे मिट आणि ओळख."

मी स्वयंपाकघरात डाळ चाळत होते. धून सुरू झाली आणि चाळणी हातात तशीच राहिली. मारिओ! तोच टोपीवाला, मिशीवाला बुटका माणूस, विटांवर डोकं आपटून नाणी काढणारा.

मुलानं सांगितलं की हा गेम जपानमध्ये १९८५ साली निघाला. त्याच्याही आधी, १९८३ साली, निन्टेन्डो कंपनीनं फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं होतं. आपल्याकडं नव्वदीत जे टीव्ही गेम घरोघरी आले ते बहुतेक त्याच यंत्राच्या स्वस्त नकला होत्या. तुमच्यापैकी ज्यांची मुलं आज पस्तिशी-चाळिशीची आहेत त्यांना आठवेल. दोन रिमोट, वायरीचा गुंता, वरून खोचायची कॅसेट. गेम लागला नाही की कॅसेट काढून तिच्यावर फुंकर मारायची. लेबलवर शेकडो गेम छापलेले आणि आत दहा-बाराच, तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा. एकेका कॅसेटसाठी पोरं एकमेकांकडं अदलाबदल करत फिरायची. आणि मुलगा म्हणाला ते ऐकून मी थक्क झाले. तो अख्खा मारिओ फक्त ४० किलोबाइटचा आहे. सकाळी आपल्याला व्हॉट्सअॅपवर फुलांचा जो फोटो येतो, तोसुद्धा बहुधा याहून मोठा असतो.

आता कॅसेट नाही. वर्षाची वर्गणी भरली की जुने गेम इंटरनेटवरून येतात. आणखी एक सोय आहे. पूर्वी ठरावीक जीव मिळायचे. ते संपले की पहिल्यापासून. खेळ रंगात आला असताना लाइट गेली तरी पहिल्यापासून. आता मध्येच थांबवून ठेवता येतं, आणि चूक झाली तर दोन बटणं एकत्र दाबून चक्क मागं जाता येतं. सिनेमाची रीळ उलटी फिरवावी तसा मारिओ उलटा पळत येतो, खड्ड्यात पडण्याच्या आधीच्या जागी उभा राहतो. नात सारखी तेच करत होती. पडली की मागं, पडली की मागं.

पहिल्या खड्ड्याशी मुलानं तिला थांबवलं. म्हणाला, "आजोबा नेहमी इथेच पडायचे."

मी म्हटलं, "आजोबा कधी खेळले?"

"तू रात्री सामायिकाला बसायचीस ना, तेव्हा. दुकान बंद करून आले की आवाज पूर्ण कमी करायचे आणि मला म्हणायचे, चल, एक डाव. त्यांना उडीच जमायची नाही."

ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. संसार छत्तीस वर्षांचा, आणि ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. मी आत अठ्ठेचाळीस मिनिटं डोळे मिटून बसलेली आणि बाहेर बापलेक चोरून, हसू दाबून खेळत होते.

तेवढ्यात नातीनं विचारलं, "बाबा, तो बंदुकीचा गेम पण लावा ना, बदकांचा."

मुलगा माझ्याकडं न बघता म्हणाला, "तो या टीव्हीवर चालत नाही." आणि तिला समजावून सांगू लागला. मीही ऐकत होते. त्या बंदुकीतून काही सुटतच नव्हतं म्हणे. उलट बंदुकीच्या तोंडाशी उजेड टिपणारा एक छोटा भाग होता. घोडा दाबला की क्षणभर सगळा पडदा काळा व्हायचा आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा. आधी अंधार आणि मग उजेड असं बंदुकीला दिसलं तर नेम बरोबर. हे सगळं डोळ्यानं दिसेल न दिसेल इतक्यात उरकायचं. जुन्या जाड, काचेच्या टीव्हीवर चित्र त्या क्षणीच उमटायचं, म्हणून जमायचं. आताचा सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित वेळ घेतो. माणसाला तो कळत नाही, पण बंदुकीला काहीच दिसत नाही.

"म्हणजे ती बंदूक नव्हतीच," नात म्हणाली, "डोळा होता."

मुलगा हसला. मला मात्र हसू आलं नाही. का, ते सांगते.

१९९६ सालची गोष्ट. मुलाला चौथीची स्कॉलरशिप मिळाली म्हणून ह्यांनी नागपूरला बर्डीवरून तो टीव्ही गेम आणला होता. भाद्रपद शुद्ध पंचमी, दशलक्षणाचा पहिला दिवस. माझा उपवास. दुपारी तत्त्वार्थसूत्राचा पहिला अध्याय, संध्याकाळी आरती आणि प्रवचन. विषय अर्थातच उत्तम क्षमा. डोळे पुसत घरी आले तर ओसरीपर्यंत गोंगाट. टीव्हीत गवतातून बदकं उडत होती, माझा मुलगा बंदूक रोखून ती पाडत होता. एक कुत्रा पडलेलं बदक उचलून दाखवायचा, नेम चुकला की खिदळायचा. शेजारची चार पोरं टाळ्या वाजवत होती.

मी प्लग ओढून काढला. "दशलक्षणात जैनाच्या घरात शिकार?" असं ओरडले, तेही त्याच्या मित्रांदेखत. तिथंच उभी राहून यशोधर राजाची गोष्ट सुनावली. दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेत गेल्यावर यंत्र, रिमोट, बंदूक, कॅसेटी, सगळं भंगारवाल्याला दिलं. पस्तीस रुपये आले. ते मंदिराच्या दानपेटीत टाकले आणि घरखर्चाच्या वहीत जमेकडं आणि खर्चाकडं दोन्ही नोंदी केल्या. वर्ध्याच्या जी. एस. कॉमर्स कॉलेजची बी.कॉम. मी, हिशेब चोख.

संध्याकाळी हे घरी आले, टीव्हीखालची रिकामी जागा पाहिली आणि एवढंच म्हणाले, "विचारायचं तरी." मुलगा काहीच बोलला नाही. दहा दिवसांनी क्षमावाणीला पाया पडून शिकवल्याप्रमाणं "क्षमा असावी" म्हणाला. मी डोक्यावर हात ठेवला. मी त्याची क्षमा मागितली नाही. आईनं दहा वर्षांच्या पोराची कशाला मागायची?

यशोधराची कथा तुम्हाला माहीत आहे. आचार्य सोमदेवसूरींनी ९५९ साली 'यशस्तिलक' लिहिलं ते याच कथेवर. राजाला जिवंत प्राण्याचा बळी द्यायचा नव्हता म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. कोंबडा पिठाचा, पण मारण्याचा भाव खरा. त्या एका भावामुळं कितीतरी जन्म पशुयोनीत फिरावं लागलं, शेवटी खुद्द कोंबड्याच्याच जन्माला यावं लागलं. टीव्हीतली बदकं म्हणजे पिठाचा कोंबडाच, असं मी तेव्हा म्हणाले होते. आजही म्हणेन. लहान मुलाच्या मनाला मारण्यातली मजा लागू नये, हे मला अजूनही पटतं.

पण त्या रात्री पाऊस ऐकत पडले असताना त्याच कथेतली दुसरी गोष्ट आठवली. बळीचा हट्ट राजाचा नव्हता. त्याच्या आईचा होता. चंद्रमतीनं हट्ट धरला, आईचं मन मोडवेना म्हणून मुलानं पिठाचा मार्ग काढला. आणि जन्मोजन्मी फिरले ते दोघं, मायलेक. तो मोर झाला, ती कुत्रा झाली. इतकी वर्षं बायकांच्या मंडळात मी ही कथा सांगत आले. कोंबडा दर वेळी सांगितला. आईवर कधी थांबले नाही.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमाद आधी ठेवला आहे, जीव जाणं नंतर. मग त्या संध्याकाळी प्रमाद कोणाचा होता? पोराच्या मनात बदक नव्हतंच, त्याला नेम लागल्याचा आनंद होता. माझ्या मनात मात्र राग होता, आणि चार घरची पोरं बघताहेत, लोक काय म्हणतील, हा मान होता. क्रोध आणि मान. क्षमेचं प्रवचन ऐकून आलेल्या बाईनं दोन कषाय घरात आणले आणि त्यांना अहिंसा असं नाव दिलं.

सकाळी चहा देताना मुलाला म्हटलं, "त्या टीव्ही गेमचं मी चुकले. तुला न विचारता दिला, मित्रांसमोर बोलले. मला क्षमा कर." शब्द जड गेले, खोटं कशाला बोलू.

तो कपाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "भंगारवाल्यानं किती दिले होते?"

"पस्तीस. वहीत आहे."

"बाबांनी दुसऱ्या दिवशी मला चाळीस दिले होते. म्हणाले, आईला सांगू नको, तिचा उपवास आहे." आणि मग दोघंही हसलो. माझे डोळे भरले तेव्हा नात म्हणाली, "आजी, रिवाइंड कर ना."

मैत्रिणींनो, प्रतिक्रमण म्हणजे मागं जाणंच. पण यंत्रातलं मागं जाणं आणि आपलं, यात फरक आहे. यंत्रात मागं गेलं की चूक पुसली जाते. कोणाला काही सांगावं लागत नाही. आपल्यात चूक तिथंच राहते. आपण तिच्यापाशी जाऊन तिला नीट बघतो, नाव देतो, आणि ज्याचं दुखावलं त्याला सांगतो. ज्याला सांगायचं तो समोर असेपर्यंतच हे करता येतं. मुलाला मी सांगू शकले. "विचारायचं तरी" म्हणणाऱ्या माणसाला सांगायचं राहून गेलं. त्यांच्यासाठी आता रोजच्या प्रतिक्रमणात थांबते.

नातवंडांच्या हातात आज मोबाइल आहेत, त्यातले गेम आपल्या बदकांपेक्षा कितीतरी भयंकर आहेत. बंद करावेसे वाटले तर जरूर करा. पण आधी शेजारी बसा, तो गेम काय आहे ते त्यांच्याकडूनच समजून घ्या, आपल्याला का नको वाटतं ते सांगा. रागाच्या भरात प्लग ओढू नका. आणि क्षमावाणीला मोठ्यांच्या पाया पडून झालं की एकदा लहानांसमोरही हात जोडा.

जाण्याआधी नातीनं रिमोट माझ्या हातात दिला. मी पहिल्याच खड्ड्यात पडले. ती मागं घ्यायला लागली तेव्हा मी म्हटलं, "राहू दे गं. तुझ्या आजोबांची जागा आहे ती."

उत्तम क्षमा, सगळ्यांना.