दोनशे रुपयांची लारी



शब्दांचा इतिहास शिकवणारा मनुष्य सुट्टीच्या दिवशी काय करतो, असा प्रश्न एका संपर्कसत्रात एका विद्यार्थिनीने मला विचारला होता. मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. खरे उत्तर असे, की तो स्वस्तातली जुनी नाणी शोधत हिंडतो. ‘स्वस्तातली’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पैसे मोजून दुर्मीळ नाणे कोणालाही घेता येते. संग्राहकाला खरी झिंग चढते ती विक्रेत्याला न कळलेले नाणे आपल्याला कळले म्हणजे. त्या झिंगेविषयी आणि तिने माझ्याकडून एकदा जे करवून घेतले त्याविषयी मी आपल्याला सांगणार आहे.

मी थळचा. अलिबागच्या उत्तरेला, समुद्रात खांदेरी आणि उंदेरी हे दोन जलदुर्ग समोर दिसतात ते गाव. हिवाळ्यात मुंबईला कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये नाण्यांचे प्रदर्शन भरले, की मी सकाळी मांडव्याहून बोटीने गेटवेला उतरतो आणि दारे उघडण्याच्या सुमारास तेथे पोहोचतो. सभागृहात शिरल्यावर प्रतिष्ठित मंडळी काचेच्या पेट्यांकडे वळतात. त्या पेट्यांत कुशाणांची सुवर्णनाणी, मोगलांच्या मोहरा, संस्थानांचे रुपये मखमलीवर निजलेले असतात. माझ्यासारखे लोक तडक कोपऱ्यातल्या टेबलांकडे जातात. तेथे प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये तांब्याचा ढीग ओतलेला असतो आणि पुठ्ठ्यावर लिहिलेले असते: कोणतेही घ्या, पन्नास रुपये.

त्या ढिगात हात घालणे हे एक शास्त्र आहे. डोळ्यांआधी बोटे वाचतात. १८३५ सालचा कंपनी सरकारचा पाव आणा जाडजूड आणि कडेला गोल लागतो. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवण्यासाठी १९४३ पासून पाडलेला भोकाचा पैसा करंगळीच्या नखाला अडकतो. मुंबई इलाख्याच्या जुन्या पैशावर तराजू असतो आणि त्याच्या दोन पारड्यांच्या मध्ये फारसी लिपीत ‘अदल’ हा शब्द. अदल म्हणजे न्याय. आपण रोज वापरतो त्या ‘अदालती’चे मूळ तेच. शिवराई मात्र वेडीवाकडी, हातोड्याने ठोकलेली. तिच्या कडेला नियम नाही आणि अक्षरांनाही नाही. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. जिच्यावर ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्या मधून दोन आडव्या रेघा जातात ती दुदांडी. टांकसाळीतले कारागीर शुद्धलेखनाचे पुस्तक उघडून बसत नसत. ‘शिव’मधील इकार कोठे ऱ्हस्व तर कोठे दीर्घ, कोठे ‘श’च्या जागी सरळ ‘स’. आपल्या अभ्यासक्रमातील लेखनभेदांचा घटक शिकवताना मी या शिवराया वर्गात फिरवतो. छापील पुस्तकावर विश्वास न बसणारे विद्यार्थी तांब्यावर ठेवतात, असा माझा अनुभव आहे.

याच टेबलांवर लबाडीही मुबलक असते. राम-सीता-लक्ष्मण-हनुमान यांचे चित्र, पाठीमागे ‘ईस्ट इंडिया कंपनी’ आणि १८१८ असे सन असलेली ‘नाणी’ आपण कदाचित कोणाच्या तरी देव्हाऱ्यात पाहिली असतील. कंपनीने असे नाणे कधीही पाडलेले नाही. तांदूळ ओढून घेणाऱ्या नाण्याच्या नावाने तर खेडोपाडी लोकांच्या जमिनी विकल्या गेल्या आहेत. आपल्याला कोणी असे काही दाखवले, तर कृपा करून घराबाहेर वाट दाखवा.

नाणी चलनातून गेली, तरी भाषेतून जात नाहीत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धतीचे नवे पैसे आले, आणि १६ आण्यांचा, ६४ पैशांचा, १९२ पैंचा रुपया हळूहळू विस्मृतीत गेला. तरीही गोष्ट सोळा आणे खरी असते, गवई नाणावलेला असतो, आवाज खणखणीत असतो. पोतदार, पारखी, सराफ, टांकसाळे ही आडनावे म्हणजे एका संपूर्ण व्यवस्थेची हजेरी आहे. निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत, आमच्याकडे आंग्र्यांचा अलिबागी रुपयाही होता. तेव्हा हिणकस किंवा परक्या नाण्याच्या बदल्यात सराफ जी रक्कम कापून घेई तिला बट्टा म्हणत. नावाला बट्टा लागतो तो तेथून. हा शब्द मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो.

आता लारीकडे येतो. इराणच्या दक्षिणेत लार नावाचे शहर आहे. त्याच्या नावावरून ओळखले जाणारे हे नाणे गोल नसतेच. चांदीची तार मधोमध दुमडायची, दोन्ही पदर जवळ आणायचे आणि त्यावर ठसा मारायचा, की झाली लारी. वजन पाच ग्रॅमांना किंचित कमी. ठसा तारेपेक्षा रुंद असल्याने कोणत्याही एका लारीवर पूर्ण मजकूर कधीच उमटत नाही; चारदोन अक्षरांचे तुकडे मिळतात, बाकीचे वाचणाऱ्याने भरायचे. अरबी समुद्राच्या व्यापारात ही तार इराणच्या आखातापासून आपल्या चौल-दाभोळपर्यंत चाले. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशाहाने, म्हणजे १६५६ ते १६७२ या काळात राज्य करणाऱ्या सुलतानाने, स्वतःच्या नावाच्या लाऱ्या पाडल्या. श्रीलंकेत तिला माशाच्या गळासारखा बाक देत. आणि मालदीव बेटांवर आजही शंभर लारींचा एक रुफिया होतो. आपल्याकडे ज्या कवड्या चलन म्हणून आल्या आणि ‘कवडीमोल’ हा शब्द ठेवून गेल्या, त्याही मुख्यतः त्याच बेटांवरच्या. कोकणात मात्र लारी नाणे म्हणून कोणाच्या आठवणीत उरली नाही.

अशी एक लारी आपल्याजवळ असावी, ही माझी फार जुनी इच्छा. काचेच्या पेटीतील किंमत परवडत नव्हती असे नाही. मला ती ढिगात सापडायला हवी होती.

ती सापडली माझ्याच पडवीत. काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात कोळीवाड्यातील एक काकी पत्र्याची पेटी घेऊन आल्या. आमच्या घरी तीस वर्षे मासळी देणाऱ्या त्या. मी मुंबईला नाण्यांच्या बाजारात जातो हे त्यांना ठाऊक होते. “सासूच्या पेटीतला हाय सगला,” त्या म्हणाल्या. “मना काय करायचा हाय त्याचा? बगा काय येत असतील पैसे तर.” पेटीत दोऱ्यात ओवलेले भोकाचे पैसे, दहाबारा पाव आणे, झिजून गुळगुळीत झालेल्या तीन दुदांडी शिवराया, एक तुटकी नथ, आणि तळाशी काळी पडलेली, दुमडलेली तार.

मी ती उचलली. बोटांनी वाचली. उजेडाकडे धरली, तेव्हा एका पदरावर ‘ऐन’ आणि ‘लाम’ ही अक्षरे स्वच्छ दिसली. माझ्या कानशिलांत ठोके पडू लागले.

“यो गल हाय काय मोडका?” काकींनी विचारले.

मित्रहो, येथे माझे उत्तर जसेच्या तसे नोंदवतो. मी म्हणालो, “चांदीची तार आहे, काकी. वजनाने दोनेकशे रुपये होतील.” यातील एकही शब्द खोटा नव्हता. त्या वेळच्या चांदीच्या भावाने हिशेब बरोबर तेवढाच होत होता. वर्गात मी शिकवतो, की वाक्याचा अर्थ केवळ शब्दांत नसतो, ते कोण कोणाला कशासाठी म्हणते यातही असतो. ऐकणारा, बोलणाऱ्याने आवश्यक ते सारे सांगितले आहे असे धरून चालतो. हे तत्त्व त्या दिवशी मला आठवले नाही असे मी म्हणणार नाही. आठवले होते. मी शंभराच्या दोन नोटा दिल्या, काकींनी त्या कमरेला खोचल्या, “बाकीचा तुमी मुंबईला न्या” असे म्हणून त्या गेल्या.

पुढच्या आठवड्यात प्रदर्शन होते. पेटीतली बाकी नाणी मी इमानेइतबारे दाखवली. त्यांचे मिळून साडेसहाशे रुपये आले. लारी खिशात होती. एका जाणत्या विक्रेत्याने भिंगाखाली धरून ती मिनिटभर पाहिली आणि म्हणाला, “आत्ता देता का? साडेचार हजार देतो.” शेजारी उभ्या असलेल्या दोन परिचित संग्राहकांनी विचारले, केवढ्याला पडली? मी आकडा सांगितला. एकाने माझ्या पाठीवर थाप मारली. असा सौदा आयुष्यात एकदा होतो, असे दुसरा म्हणाला. मला फार बरे वाटले, हेही नोंदवले पाहिजे.

परतीच्या बोटीत ते बरे वाटणे कोठे गेले ते मला नीट सांगता येत नाही. पश्चात्ताप वगैरे मोठा शब्द त्याला शोभणार नाही. एवढेच झाले, की घरी गेल्यावर साडेसहाशे रुपये काकींच्या हातात देताना मी काय बोलेन याची मनात जुळवाजुळव करू लागलो आणि वाक्य जुळेना. ढिगात दुर्मीळ नाणे सापडले तर विक्रेत्याला सांगावे का, यावर आम्हा संग्राहकांत पुष्कळ वाद होतात. माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे, की सांगण्याची गरज नाही. त्याचा तो धंदा आहे. नाणी ओळखणे हे त्याचे काम, आणि पुढच्या टेबलावर तोही मला फसवायला मोकळा आहे. पण काकी धंदा करायला आल्या नव्हत्या. त्या विचारायला आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोळीवाड्यात गेलो. काकी ओटीवर बोंबील निवडत होत्या. साडेसहाशे रुपये दिले, मग लारी पुढे ठेवली आणि सगळे सांगितले: नाणे काय आहे, किती जुने आहे, काय किंमत सांगितली गेली. त्यांनी हात पदराला पुसले आणि तार हातात घेतली.

“मंग त्या दिवशी का नाय सांगितला?”

मी काहीतरी पुटपुटलो. खात्री नव्हती, असे काहीसे. खात्री होती, हे त्यांना दिसत असावे.

त्या आत गेल्या आणि शंभराच्या दोन नोटा घेऊन बाहेर आल्या. त्याच नोटा होत्या की दुसऱ्या, कोणास ठाऊक. मी नको म्हटले. त्यांनी त्या माझ्या खिशात घातल्या. मग म्हणाल्या, “काय लिवलाय यावर ता वाचून दावा.” मी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचून दाखवले: हा ऐन, हा लाम, पुढचे तुटले आहे, ते ‘अली’ असणार, सुलतानाचे नाव. त्यांची नात दारात उभी राहून ऐकत होती. तिने वहीचा कागद आणून लारी त्याखाली ठेवली आणि वरून पेन्सिल घासली. कागदावर दोन काळ्या पट्ट्या उमटल्या आणि त्यांत अक्षरांचे तुकडे.

साडेचार हजारांना विकायची का, असे मी विचारले. “बगू,” एवढेच काकी म्हणाल्या. लारी पेटीत गेली. पुढे ती विकली गेली किंवा नाही, हे मी विचारलेले नाही. मासळी त्यांच्याच घरून येते. पापलेट कसे दिले म्हटले, की काकी भाव सांगतात, मी घासाघीस करतो, आणि पूर्वी दहा रुपये सोडणाऱ्या त्या आता एकही सोडत नाहीत.